शब्दांना वर्गात बसवणारा डॉक्टर

इंग्रजीत लिहिताना मनातला नेमका शब्द हाती लागेनासा झाला, की थिसॉरस उघडायचा, ही सवय दीड शतकाहून जुनी आहे. हा कोश ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पीटर मार्क रोझे भाषेचे प्राध्यापक नव्हते, साहित्यिकही नव्हते. ते डॉक्टर होते. (आडनाव फ्रेंच वळणाचे असल्याने त्यातला शेवटचा 'ट' उच्चारायचा नसतो. आपल्याकडे तो सर्रास उच्चारला जातो.)

१८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमध्ये रोझे यांचा जन्म झाला. वडील जिनिव्हाहून आलेले धर्मोपदेशक. पीटर चार वर्षांचा असतानाच ते क्षयाने गेले. पुढे मामा सॅम्युअल रोमिली यांनी पित्याची जागा घेतली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोतून वैद्यकाची पदवी घेतलेल्या या तरुणाला मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाने आपल्या दोन मुलांचा शिक्षक म्हणून युरोपच्या प्रवासाला पाठवले. १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले आणि नेपोलियनने आपल्या ताब्यातील मुलखातल्या इंग्रज पुरुषांना अडकवून ठेवण्याचा हुकूम काढला. रोझे तेव्हा जिनिव्हातच होते. वडिलांच्या जन्मगावाचा आधार घेऊन त्यांनी तिथल्या नागरिकत्वाचा दाखला मिळवला आणि मुलांसह निसटून ते मायदेशी परतले.

मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी करताना, १८०५ मध्ये, त्यांनी स्वतःच्या लिखाणासाठी शब्दांची एक छोटी वर्गवारी तयार केली. ती त्यांनी छापली नाही. वही मात्र पुढची सुमारे पन्नास वर्षे सोबत राहिली.

ही पन्नास वर्षे कामाची तशीच घावांचीही होती. इंग्लंडमधील फाशीचे कायदे सौम्य व्हावेत म्हणून झगडणारे रोमिली ऑक्टोबर १८१८ च्या अखेरीस पत्नीच्या मृत्यूने खचले. भाचा डॉक्टर म्हणून त्यांच्या उपचारांवर होता. तरीही चौथ्या दिवशी मामांनी वस्तऱ्याने स्वतःचा गळा चिरला. १८३३ मध्ये रोझे यांची पत्नी मेरी हीदेखील गेली. लग्नाला दहा वर्षेही झाली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सुरळीत चाललेली कारकीर्दच दिसली असती. गणितातील घात आणि मुळे काढणारी सरकपट्टी त्यांनी तयार केली, १८१५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८२७ पासून एकवीस वर्षे त्या संस्थेचे सचिव राहिले.

१८४८ मध्ये सचिवपद सोडल्यावर ती जुनी वही पुन्हा बाहेर आली. १८५२ मध्ये कोश प्रसिद्ध झाला तेव्हा रोझे ७३ वर्षांचे होते. प्राणी आणि वनस्पतींचे वर्गीकरण करावे तसे त्यांनी शब्दांचे केले होते: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना असे सहा वर्ग, त्याखाली एक हजार कल्पना. परस्परविरोधी कल्पना शेजारी शेजारी ठेवल्या. जीवनाला क्रमांक ३५९ मिळाला, मृत्यूला ३६०.

या कोशात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांनी समानार्थी शब्दांतील भेद समजावणारा ग्रंथ काढला होता. रोझे यांनी त्या वाटेने जाण्याचे जाणीवपूर्वक टाळले. इंग्रजीत चालण्याला 'वॉक' हा सरसकट शब्द आहे. पण रमतगमत फिरणे म्हणजे 'स्ट्रोल', लांब ढांगा टाकणे म्हणजे 'स्ट्राइड' आणि थकून पाय ओढत जाणे म्हणजे 'ट्रज'. यांपैकी नेमका कोणता शब्द हवा, हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण चालते आहे त्यावर ठरते. शब्द समोर मांडावेत आणि निवड लिहिणाऱ्याच्या विवेकावर सोडावी, अशी रोझे यांची भूमिका होती. भारदस्त दिसतो म्हणून भलताच शब्द उचलणाऱ्यांनी या मोकळिकीचा पुढे बराच गैरवापर केला. त्याचा दोष कोशकाराला देता येणार नाही.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट कोशाच्या प्रस्तावनेच्या तळटीपेत आहे. अशा विषयवार रचनेचा सर्वांत जुना नमुना म्हणून रोझे यांनी तिथे 'अमरकोशा'चा उल्लेख केला आहे. कोलब्रुक यांचा इंग्रजी अनुवाद १८०८ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे छापला गेल्याचीही नोंद आहे. मात्र अमूर्त कल्पनांच्या बाबतीत त्यातली वर्गवारी त्यांना फारच विस्कळीत वाटली. देव, स्वर्ग, भूमी, वने असा पाठांतरासाठी श्लोकबद्ध केलेला क्रम एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञाच्या चौकटीत बसला नाही, यात नवल नाही. वाचकांनीही पुढे रोझे यांच्या चौकटीची फारशी पत्रास ठेवली नाही. बहुतेकजण सहा वर्ग ओलांडून थेट मागच्या वर्णानुक्रमी सूचीकडेच वळत राहिले.

१२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट मॅल्व्हर्न येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी रोझे यांचे निधन झाले. तोवर कोशाची अनेक पुनर्मुद्रणे निघाली होती. १८७९ ची वाढीव आवृत्ती मुलगा जॉन याने सिद्ध केली. त्याच्यानंतर संपादनाचे काम नातवाकडे आले. त्याचे नाव सॅम्युअल रोमिली रोझे.