कोरोत्कोव्ह : कानाने बी.पी. मोजणारा सर्जन

डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, फुगा दाबतात आणि कोपराच्या घडीत स्टेथोस्कोप ठेवून गप्प होतात. तेव्हा ते काय ऐकत असतात? ज्या आवाजांवर आपलं बी.पी. ठरतं, त्यांना नाव आहे निकोलाय कोरोत्कोव्ह याचं.

१८७४ साली रशियातल्या कुर्स्क गावी व्यापाऱ्याच्या घरात तो जन्मला. १८९८ मध्ये मॉस्कोत डॉक्टर झाला. १९०० साली रेडक्रॉसबरोबर चीनला गेला आणि रशिया-जपान युद्धात पुन्हा हार्बिनला. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, त्याच्या तीन दशकं आधीची ही गोष्ट. समोर रक्तवाहिन्या फाटलेले जखमी सैनिक. ही रोहिणी बांधली तर पाय वाचेल की कापावा लागेल? उत्तर शोधताना तो रक्तवाहिन्यांवर स्टेथोस्कोप लावून तासन् तास ऐकायचा.

दंडाचा पट्टा आणि पाऱ्याची नळी इटलीच्या रिवा-रोचीने १८९६ सालीच आणली होती. पण नाडीवर बोट ठेवून फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गला कोरोत्कोव्हने सांगितलं, की पट्टा पूर्ण आवळला की आवाज बंद. हवा हळूहळू सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा. सगळं निवेदन जेमतेम एका पानाचं! आवाज हृदयाचाच असणार, अशी शंका निघाली. तो रक्तवाहिनीतच तयार होतो, हे त्याने प्रयोगाने दाखवलं.

पुढे तो सैबेरियातल्या सोन्याच्या खाणीत कामगारांचा डॉक्टर झाला. १९२० साली क्षयाने गेला, वय अवघं ४६.

त्याची पद्धत जगभर पोचली, पण आकडा आजही सहज चुकतो. आपण इंजिनिअर, हिशोब करून बघू. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचा दाब वाढतो. पारा रक्ताच्या सुमारे १३ पट जड, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटर फुकटचे! जाड दंडाला अरुंद पट्टा लावला तरी आकडा फुगतो. हवा भराभर सोडली तर पहिला ठोका हुकतो. एवढ्यावरून एखाद्याला नको असलेली गोळी सुरू होऊ शकते, किंवा हवी असलेली राहून जाते.

म्हणून दवाखान्यात गेलात की पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका. आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको. आणि डॉक्टरांना दुसऱ्यांदा मोजायला सांगायला लाजू नका.