पिवळ्या गळ्याची चिमणी

बँकेतून निवृत्त झालो आणि डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर रोज तासभर सायकल चालवायची तंबी दिली. तेव्हापासून पुण्यात बंडगार्डनच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठाकाठाने माझी रोजची फेरी असते. सुरुवातीला लक्ष फक्त घड्याळाकडे असे. मग एका सकाळी पाण्याच्या कडेला लाल, काटकुळ्या पायांवर उभा असलेला एक पक्षी दिसला आणि मी सायकल थांबवली. घरी येऊन धाकट्या मुलीला विचारले. शेकाट्या, ती म्हणाली. आणि आपली दुर्बीण माझ्या हाती ठेवली.

त्या दुर्बिणीचे आणि माझे जुने भांडण होते. या मुलीने चांगली पगारदार नोकरी सोडून पाणथळ जागांचा अभ्यास करायचे ठरवले, तेव्हा मी तिच्याशी चार महिने धड बोललो नव्हतो. अर्जदाराचे उत्पन्न किती, तारण काय, जामीन कोण, हे विचारण्यात माझी हयात गेली. पोटच्या पोरीलाही मी तेच प्रश्न विचारले होते.

नदीच्या येरवडा-कल्याणीनगरकडच्या काठावर झाडीचा एक तुकडा डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखला जातो. रोज तिथून जाता जाता वाटले, या माणसाची हकीगत एकदा नीट वाचावी. वाचली, आणि माझ्यातला कर्ज अधिकारी अस्वस्थ झाला.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. वडील गेले तेव्हा ते वर्षाचे होते, आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारी. भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक आली आणि चिमण्या पाडणे हा त्याचा खेळ झाला. दहा-अकरा वर्षांचा असताना पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही कुठली चिमणी, असा पेच पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलापुढे मांडले. कुठल्याही कचेरीत साहेबाने एका पोरासाठी इतका वेळ दिला असता का, असा विचार माझ्या मनात आला. मी दिला नसता.

पुढचे सगळे मात्र सरळ झाले नाही. कॉलेज अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात तव्हॉयला घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. धंद्यापेक्षा जंगलात मन जास्त रमे, आणि धंदा बुडाला. परत येऊन सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले. विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली, पगार साडेतीनशे रुपये. दोन वर्षांनी रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाकडे रीतसर काम शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली.

इथे मी पुस्तक मिटून बसलो. वय चौतीस, नोकरी नाही, पदवी नाही, हाताशी धंदा नाही, विद्या कसली तर पाखरांची. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी दोन मिनिटांत नामंजूर केला असता.

तो मंजूर केला तेहमीनाबाईंनी. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून दोघे खाडीपलीकडे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाला वेळ भरपूर. सलीम अली तासन् तास ती वसाहत न्याहाळत बसले आणि एक नवलच उलगडले. आपण त्या पक्ष्याला सुगरण म्हणतो, बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा बांधते ती मादीच. प्रत्यक्षात विणकर असतो नर. तो घरटे अर्धे विणून ठेवतो. मादी येते, आत-बाहेर फिरून घर तपासते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग नर उरलेले काम पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याच्या अन् दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. गृहकर्जासाठी मी पुष्कळ घरे तपासली, पण इतकी चोख तपासणी मला कधी जमली नाही! या निरीक्षणांवरच्या निबंधाने सलीम अलींचे नाव अभ्यासकांत झाले. नोकरी असती तर किहीम घडले नसते.

पुढे त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. मेहनताना नको, फक्त खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी रानोमाळची वर्षे सुरू झाली. तंबूतल्या संसारात तेहमीनाबाई सोबत असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले आणि त्याने सामान्य वाचकाला पाखरांची नावे शिकवली. ते यश बघायला ती नव्हती, हे वाचताना मला फार लागले.

त्यानंतरचे आयुष्य मानसन्मानांचे. स्वातंत्र्यानंतर सोसायटी अडचणीत आली, तेव्हा नेहरूंकडे शब्द टाकून त्यांनी तिला मदत मिळवून दिली. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी ते झटले. डिलन रिप्ले यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा पक्षिग्रंथ पुरा केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. गेटी पुरस्काराची बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीलाच दिली. शोक एकच, मोटारसायकलींचा. १९५० मध्ये स्वीडनच्या पक्षिपरिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपला नेली आणि तिच्यावरून तिथे भटकंती केली. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते! वीस जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, ते गेले. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणीलाच जागा दिली होती.

परवा मी मुलीला म्हटले, उद्या तूही चल. ती आली. दोन सायकली काठाकाठाने निघाल्या. पाण्याला वास होता, कडेला प्लास्टिक अडकलेले होते, तरी एक खंड्या तारेवर बसून नेम धरत होता आणि उथळ पाण्यात वंचक पुतळ्यासारखा उभा होता. ती वहीत नोंदी करत होती. आकडे, वेळ, जागा. माझ्या खातेवहीसारखेच स्वच्छ हस्ताक्षर.

तिला मिळते किती, हे मी विचारले नाही. झुडपातून एक चिमणी उडाली. मी दुर्बीण लावून तिचा गळा पाहिला. साधीच होती. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो.