चार्ल्स मर्झ : वीजजाळ्याचा रक्षक

सावेडीत आमच्या गल्लीत अंधार असतो, तेव्हा शेजारची गल्ली पुष्कळदा उजळलेली असते. बिघडलेला भाग तेवढा तोडावा, बाकीचे जाळे वाचवावे, हेच वीजसंरक्षणाचे सूत्र. ते मोठ्या जाळ्यांना लागू करणाऱ्यांत चार्ल्स मर्झ हे नाव मला फार मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म १८७४ साली इंग्लंडमधील गेट्सहेड येथे झाला. वडील उद्योजक, शिवाय युरोपीय विचारांचे इतिहासकार. म्हणजे निम्मे आपल्याच शाखेचे! १९०४ साली बर्नार्ड प्राइस यांच्यासह मर्झ यांनी एक पद्धत काढली. तारेत एका टोकाने शिरलेला प्रवाह दुसऱ्या टोकाने तेवढाच बाहेर पडला पाहिजे. जमाखर्चाचा हा ताळा जुळला नाही, की बिघाड मधेच आहे असे ठरते आणि तेवढाच भाग आपोआप तुटतो. मोठ्या रोहित्रांच्या रक्षणासाठी हे तत्त्व आजही वापरतात. आपल्याकडील जी.आय.पी. रेल्वेच्या विद्युतीकरणालाही त्यांच्या संस्थेचे साहाय्य झाले.

१९४० च्या ऑक्टोबरात लंडनवरील बॉम्बवर्षावात राहत्या घरी ते व त्यांची दोन मुले मरण पावली. बिघाड जागच्या जागी रोखण्याची विद्या त्यांनी जगाला दिली. युद्धाची आग तशी रोखणे मात्र माणसाला अजून साधलेले नाही. तो अभ्यास कला शाखेच्या आपणा सर्वांचा आहे, असे मला वाटते.