लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर

‘सीएसआर’ हा शब्द आता आपल्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांतही ऐकू येतो. शाळेला संगणक मिळाले, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, बचत गटाला शिलाई मशीन मिळाली की सरपंचांपासून गटाच्या अध्यक्षबाईंपर्यंत सगळे सांगतात, कंपनीच्या सीएसआरमधून आलं. कंपनी कुठली, ती काय बनवते, आपल्याशी तिचा काय संबंध, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. फलक लागतो, फोटो निघतो आणि गाडी निघून जाते.

यामागचा कायदा २०१३ सालचा. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू झाला. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. कायदा चांगलाच आहे. पण त्यातली मांडणी अशी की धंदा आधी, नफा त्यानंतर आणि समाज सगळ्यात शेवटी. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, हे त्यात कुणी विचारत नाही.

हा हिशेब वाचला की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीमुळे किर्लोस्कर हे नाव घरोघरी माहीत. त्या नावामागचा माणूस मात्र विस्मरणात गेला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरची शिकवण पोथी-पुराणाची आणि या मुलाचं लक्ष चित्रात नि यंत्रात! वडिलांची इच्छा नसताना थोरल्या भावाच्या, रामूअण्णांच्या आधाराने ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे कळणं म्हणजे केवढा धक्का! पण ते घरी परतले नाहीत. रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. एकीकडे नोकरी, दुसरीकडे १८८८ मध्ये भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

सायकल ही त्या काळी श्रीमंतांची हौस. शेतकऱ्याला तिचं काय? लक्ष्मणरावांनी भोवती पाहिलं तर दिसली शेती. ज्वारीचा कडबा अख्खाच्या अख्खा जनावरांपुढे पडायचा. निम्मा खाल्ला जायचा, निम्मा पायाखाली तुडवला जायचा. म्हणून त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला.

आपण काळ्या मातीतली माणसं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. भारी जमिनीत लाकडी नांगर चालवायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, तरी खोलवर मुळं गेलेला कुंदा आणि हरळी निघत नसे. गरज तर होती. पण शेतकरी म्हणायला लागले, लोखंडाने जमीन नासते, मातीत विष उतरतं. नांगराची विक्री सुरू व्हायला दोन वर्षं गेली असं सांगतात. घरात पैसा नाही, कारखान्यात माल पडून. दुसरा कुणी असता तर शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी ती वाट धरली नाही. शेतकऱ्याची जमीन हेच त्याचं भांडवल, ते तो सहजी परक्याच्या हाती देणार नाही, हे त्यांना कळत होतं. शेतकऱ्याला पटेपर्यंत ते नांगराला चिकटून राहिले. आजच्या भाषेत याला बाजारपेठ तयार करणं म्हणतात. मला त्यात ग्राहकाबद्दलचा आदर जास्त दिसतो.

त्यातच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला ती हवी होती. कारखाना उचलायचा, पण न्यायचा कुठे? अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली, वर १० हजार रुपये कर्ज. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य! १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज ही वाडी सांगली जिल्ह्यात येते.

पंचवीसेक कामगार आणि त्यांचे संसार अशी ही पहिली वस्ती. पुरुषांचं धाडस इतिहासात नोंदलं जातं. मला मात्र त्या बायका दिसतात. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई मुलं घेऊन त्या माळावर आल्या. थोरला शंतनू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. निवडुंग तोडून केलेल्या जागेवर चूल मांडायची, पाणी आणायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात सापाकडे लक्ष ठेवत पोरं निजवायची. या बायका पहिल्याच पावसाळ्यात माहेरी निघून गेल्या असत्या, तर कारखान्यात कारागीर टिकला असता का?

लक्ष्मणरावांना हे समजलं होतं. म्हणून वाडी बांधताना घरं, रस्ते, शाळा यांचा विचार कारखान्याबरोबरच झाला. वस्तीची आखणी रामूअण्णांकडे होती. जमशेदपूरच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या देशातल्या सुरुवातीच्या उद्योगनगरींत तिची गणना होते. आधी नफा मिळवू, मग कामगारांचं बघू, असा क्रम तिथे ठेवताच आला नसता. कारण कारागिराचं घर उभं राहिलं तरच कारखाना चालणार होता. समाजकार्य आणि धंदा या दोन वेगळ्या वह्या नव्हत्याच.

आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. हा काळ कोणता? गावोगावी पाणवठे वेगळे असण्याचा! रात्रीच्या पहाऱ्यासाठी त्यांनी नेमलेली माणसं होती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्याची शिक्षा भोगून आलेले. इंग्रज सरकार काही जातीजमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारत होतं, त्याच काळात हा माणूस वाडीतल्या बायकापोरांची राखण त्यांच्यावर सोपवत होता. आणि त्यांनी तो विश्वास राखला. ज्यांना कुणी कामावर घेत नव्हतं, त्यांना लक्ष्मणरावांनी घेतलं. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रं घडवू लागले. के. के. कुलकर्णींचीही शाळा पुरी झालेली नव्हती, ते कारखान्याचा बाहेरचा सगळा व्यवहार सांभाळायचे.

पहिलं महायुद्ध आलं आणि परदेशी नांगर येणं थांबलं. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी आली, पण आता ओतायला लोखंड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या, गंजलेल्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. माणसं मारायची तोफ भाकरीच्या कामी आली, याहून चांगली मोड कुठली असेल?

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झालं. ते मुळात गिऱ्हाइकांसाठी, कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. पण लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी त्याचं रूपच पालटलं. १९३० मध्ये त्यांनी ‘स्त्री’ मासिक काढलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्यांना अक्षरओळख होती, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह, संततिनियमन हे विषय पहिल्यांदा या मासिकांत वाचले असतील. नांगर-पंप विकणाऱ्या घराण्याने बाईच्या मनाची मशागत करायला घेतली! आज या पुरवणीतून मी तुमच्याशी बोलते आहे, त्या परंपरेचा एक धागा तिथपर्यंत जातो.

सगळंच गोड मात्र नव्हतं. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं-दारं जळाली. त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे. ज्या वाडीत जातीला थारा दिला नाही, तिच्यावर बाहेरच्या जातिद्वेषाची धाड पडली. चांगला मालक आपल्या कुंपणाच्या आत न्याय देऊ शकतो, पण कुंपणाबाहेरचा समाज बदलला नाही तर ते पुरत नाही, हा त्यातला कडू धडा. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, जुन्या माणसांची गोष्ट सांगताना नुसती आरती ओवाळून भागत नाही. त्यांच्या कामाचे पुढचे परिणामही बघावे लागतात. १९२६ पासून किर्लोस्करवाडीत पंप बनू लागले. पंपाने कोरडवाहू शिवारं ओलिताखाली आणली, बायकांच्या डोक्यावरचे हंडे काही ठिकाणी कमी केले. पण पुढे सगळ्याच कंपन्यांचे पंप आले, घरोघरी बोअर झाले आणि जमिनीतलं पाणी खाली खाली गेलं. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ती गाडी भरली जात होती मिरजेला, किर्लोस्करवाडीच्याच रेल्वेमार्गावरच्या गावात! नांगराचंही तसंच. दरवर्षी खोल नांगरट केली तर मातीतला सेंद्रिय कर्ब कमी होतो, असं आता शेतीतले जाणकार सांगतात. म्हणजे लक्ष्मणरावांचं उत्तर त्या काळापुरतं बरोबर होतं. आजच्या शेतीला काय हवं, हे आजच्या उद्योगाने बांधावर जाऊन नव्याने विचारायला हवं. शाश्वत शाश्वत म्हणतात ते याहून वेगळं काय?

आणि एक प्रश्न आपल्या बायकांचा. नांगर पुरुषाच्या हातातला. त्याचे कष्ट हलके झाले, ते चांगलंच झालं. पण निंदणी-खुरपणी, कापसाची वेचणी, सोयाबीनची काढणी ही कामं बायकांची. त्यांच्या हातात शंभर वर्षांपूर्वीही खुरपं होतं आणि आजही खुरपंच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झालेलं आहे. पण ती साधनं स्वस्तात, टिकाऊ बनवून खेडोपाडी पोचवणारा, फाळ झिजला तर दुसरा देणारा उद्योजक पुढे यायला हवा. बायकांचे हात आणि कमरा हीसुद्धा बाजारपेठ आहे, हे कुणीतरी ओळखायला हवं. असा उद्योग काढणाऱ्याला नफाही मिळेल आणि त्याला वेगळं समाजकार्यही करावं लागणार नाही.

तोवर निदान एवढं करू या. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं हा कायदा सांगतो. मोठे कारखाने कमी असलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यामुळे कमीच येणार. म्हणून जे येईल ते डोळसपणे घ्यावं. गावात सीएसआरचं काम आलं, की ग्रामसभेत आणि बचत गटाच्या बैठकीत विचारायचं. ही वस्तू आम्हाला हवी होती का? ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? कंपनीचं सांडपाणी कुठे जातं? कापूस, सोयाबीन, दूध आमच्याकडून घेते तर भाव काय देते? आमच्या मुलींना तिथे काम मिळतं का, आणि मिळालं तर रात्रपाळीहून घरी सुखरूप यायची सोय आहे का? कंपनीला तिचं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर द्यावे लागतात. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला ते मोबाइलवर उघडून वाचून दाखवायला सांगा.

दोन टक्क्यांची भेट घेताना उरलेल्या ९८ टक्क्यांचीही चौकशी करायची. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात हे प्रश्न लिहून घ्या, आणि उत्तरं काय मिळाली तेही.