आचार्य सुश्रुत : कातडी जोडायला शिकवणारा शिक्षक



आज चरित्र घेतोय आचार्य सुश्रुतांचं. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव एखाद्या ओळीत येतं, शल्यक्रियेचे जनक म्हणून. मुलं ती ओळ पाठ करतात, आपण रिकाम्या जागा भरून घेतो आणि विषय संपतो. यंदा मात्र माझा विषय तिथं संपला नाही. त्याचं कारण आमच्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा.

पावसाळ्यानंतर हा मुलगा रोज टोपी घालून यायला लागला. प्रार्थनेलाही टोपी काढेना. एकदा मधल्या सुटीत पोरांनी टोपी ओढली तेव्हा दिसलं, डोक्यावर रुपयाएवढी दोन चकत्या केस गेलेले. चाई पडली होती. पोरं हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत यायचा थांबला. घरी गेलो तेव्हा त्याची आई सांगू लागली, कुणीतरी बिब्बा लावायला सांगितला, तो लावला आणि एका चकतीवर फोड येऊन कातडी सोलून निघाली. उपाय घरचाच, झाडपाल्याचा, मग असं कसं झालं, हा तिचा प्रश्न होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. उत्तर शोधता शोधता सुश्रुतांपर्यंत पोचलो.

सुश्रुत कोण होते?

परंपरा सांगते की सुश्रुत हे विश्वामित्रांचे पुत्र. त्यांनी काशीत दिवोदास धन्वंतरी यांच्याकडे शिक्षण घेतलं. दिवोदास काशीचे राजे आणि शल्यविद्येचे गुरू. सुश्रुत आपल्या सोबत्यांसह त्यांच्याकडे गेले आणि सगळ्या सोबत्यांच्या वतीने प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे आलं. बघा, वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी होता, म्हणून एवढा मोठा ग्रंथ तयार झाला!

काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण इ. स. पूर्व ६०० च्या आसपासचा काळ मानतात, काही जण त्यानंतरचा. आज आपल्यासमोर असलेल्या सुश्रुतसंहितेत पुढच्या लोकांनीही भर घातलेली आहे. ग्रंथात १८६ अध्याय आहेत. नेपाळात काठमांडूला या ग्रंथाची ताडपत्रावरची एक प्रत आहे, ती इ. स. ८७८ ची. आठव्या शतकाच्या शेवटी बगदादच्या दरबारात त्याचं अरबी भाषांतर झालं.

दुधीवर शिकवणारा गुरू

मला शिक्षक म्हणून सुश्रुत सगळ्यात जवळचे वाटले ते त्यांच्या शिकवण्यामुळे. नुसतं पाठांतर करून माणसाच्या अंगावर शस्त्र चालवता येत नाही, हे ते स्पष्ट सांगतात. आधी सराव करायचा. आणि सराव कशावर, तर आपल्या रोजच्या वस्तूंवर.

चिरे द्यायला कोहळा, दुधी (म्हणजे आपली लवकी), कलिंगड, काकडी. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. आत रुतलेली वस्तू बाहेर काढायला फणस, बेल आणि तोंडलीचा गर. जखमेत सळई घालून तपासायला कीड लागलेलं लाकूड. खरवडायला केस असलेलं कातडं. टाके घालायला जाड-पातळ कापड आणि मऊ चामडं. पट्टी बांधायला माणसाच्या आकाराचा बाहुला. हे सगळं जमलं की मगच माणूस.

आपल्या नवेगावच्या तलावात कमळं आहेत, परसात लवकी आहे, जंगलात बेल आहे. शिक्षण साहित्य नाही अशी तक्रार आपण करतो ना? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस भाजीच्या टोपलीत प्रयोगशाळा मांडत होता.

शरीर आतून कसं आहे हे डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे, हाही त्यांचा आग्रह होता. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा. मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करत पाहायचं. यातूनच त्यांनी कातडीचे सात थर सांगितले, प्रत्येकाला नाव दिलं आणि कोणता आजार कोणत्या थरात होतो तेही मांडलं. आजचं शास्त्र थर वेगळ्या रीतीने मोजतं, पण कातडी म्हणजे एकच पापुद्रा नाही, ही मूळ गोष्ट त्यांनी पकडली होती.

कापलेलं नाक

मराठीत नाक म्हणजे अब्रू. नाक कापलं, नाक राखलं, नाक वर करून चालतो, असं आपण म्हणतो. जुन्या काळी शिक्षा म्हणून खरोखरच नाक कापत. त्या माणसाला मग आयुष्यभर तोंड लपवून जगावं लागे. सुश्रुतांनी अशा माणसांसाठी पद्धत सांगितली.

झाडाचं एक पान नाकाच्या मापाचं कापून घ्यायचं. त्या मापाने गालावरची कातडी सोडवायची, पण पूर्ण तोडायची नाही. एका बाजूने ती गालाला जोडलेलीच ठेवायची. नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करायचा आणि त्यावर ही कातडी बसवून टाके घालायचे. श्वासासाठी दोन नळ्या ठेवायच्या. वर पतंगाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन (दारुहळदीच्या काढ्यापासून करतात ते) यांची पूड, त्यावर कापूस आणि मधूनमधून तिळाचं तेल. जोड पक्का बसला की जास्तीचा भाग कापायचा.

यातली हुशारी कुठे आहे? कातडी एका बाजूने जोडलेली ठेवण्यात. तिथून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जिवंत राहते आणि नव्या जागी रुजते. धानाचं परं उपटताना मुळांना माती धरून ठेवली की रोप जगतं, तसंच काहीसं.

पुण्याजवळची गोष्ट

हे नुसतं पोथीत राहिलं नाही. टिपू सुलतानाशी १७९२ मध्ये झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर ते पाहायला हजर होते.

त्या कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्या मापाने कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांच्या मधला जोड तसाच ठेवला. वर लावला पाण्यात कालवलेला कात, म्हणजे आपल्या जंगलातल्या खैराचाच. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला जोड कापला.

ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या डॉक्टरने अनेक वर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनला अशी शस्त्रक्रिया केली. तिथून ती युरोपभर गेली.

एक गोष्ट लक्षात घ्या. सुश्रुतांनी गालाची कातडी सांगितली, पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे विद्या हातोहात पुढे जाताना बदलत, सुधारत गेली. आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, तो देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी.

केस आणि चाई

आता आमच्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. सुश्रुतांच्या मते जखम भरली म्हणजे काम झालं असं नव्हे. जखमेसाठी त्यांनी ६० उपाय सांगितले आणि त्यात वणाचा रंग पुन्हा कातडीसारखा करणं आणि तिथं पुन्हा केस आणणं हेही धरलं. रोगी बरा होऊन चारचौघांत उठू-बसू लागला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

चाईला त्यांनी इंद्रलुप्त म्हटलं आहे. केसांच्या मुळाशी पित्त आणि वात बिघडून केस गळतात आणि मग कफ व रक्त ती छिद्रं बंद करतात, म्हणून नवे केस येत नाहीत, अशी त्यांची मांडणी. उपाय म्हणून ती जागा हलकेच टोचून त्यावर लेप. केस काळे करण्याच्या तेलात त्यांनी माका घातला आहे, तोच माका जो आपल्या धानाच्या बांधीत धुऱ्याच्या कडेला उगवतो.

पण सगळंच जसंच्या तसं घ्यायचं का? नाही. हस्तिदंताची राख आणि रसांजन लावलं तर तळहातावरही केस येतील, असंही ग्रंथात आहे. तळहातावर केसांची मुळंच नसतात, तर येणार कुठून? आणि हस्तिदंत बाळगणं आज गुन्हा आहे. अलीकडे रानहत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यातही येऊन गेला, तेव्हा हे मुलांना आवर्जून सांगा. काही लेपांत मनशीळ आणि मोरचूद आहे, दोन्ही विषारी.

आणि बिब्बा? वणाचा रंग गडद करण्यासाठी सुश्रुत बिब्बा वापरतात, हे खरं. पण आधी तो गोमूत्रात भिजवून, मग दुधात ठेवून, नंतर त्याचं तेल काढून. झाडावरचा कच्चा बिब्बा थेट कातडीवर नाही. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज ना सुश्रुतांचा, ना आजच्या डॉक्टरांचा.

आजचं शास्त्र सांगतं की चाईत शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. मूळ मात्र मरत नाही. म्हणून लहान चकत्यांवर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. माक्याच्या अर्काने उंदरांचे केस लवकर वाढायला लागल्याचे प्रयोग झाले आहेत, पण उंदराचं माणसाला लगेच लागू होत नाही. आणि एकदा खोल भाजून किंवा जखम होऊन मूळच नष्ट झालं, तिथं वण राहिला, की कोणतंही तेल केस आणू शकत नाही.

पालकांनो, एवढं कराच. डोक्यावर चकती दिसली तर आधी डॉक्टरांना दाखवा. ती चाई असेल किंवा बुरशीचं गजकर्ण असेल, आणि गजकर्णाला पोटातून औषध लागतं. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कुष्ठरोगाचं औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. सुश्रुतांनी त्यावर तुवरकाचं, म्हणजे कडू कवठाचं तेल सांगितलं होतं. त्याच जातीच्या झाडांचं तेल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर वापरात होतं. आज त्याहून खात्रीचं औषध आहे, तेच घ्यायचं.

वर्गात काय घेता येईल?

१. काकडी किंवा केळीची साल चिरून ती सुई-दोऱ्याने शिवणं (शिक्षकांच्या देखरेखीत). टाके सारख्या अंतरावर पडतात का ते पाहणं.
२. एकमेकांच्या हाताला नीट पट्टी बांधणं.
३. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. केस कापल्यापासून किती दिवस झाले, यावरून किती वाढले असतील याचं गणित.
४. परिसरातल्या दहा औषधी वनस्पतींची यादी. प्रत्येकीसमोर उपयोग आणि धोका, दोन्ही रकाने.

मी हा पाठ घेतला त्या दिवशी तो मुलगा शाळेत होता. तालुक्याला त्वचेच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. ज्या चकतीवर बिब्बा लावला नव्हता तिथं तीन-चार महिन्यांत बारीक लव आली, मग काळे केस. बिब्ब्याच्या जागी मात्र छोटा वण राहिला आहे, तिथं केस येणार नाहीत. कावसजीची गोष्ट ऐकताना वर्ग एकदम शांत होता. नाक नसलेल्या माणसाला गावातले लोक हसत असतील का, असं एका मुलीने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. ज्यांनी टोपी ओढली होती त्यांनी माना खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याने टोपी काढून खिशात ठेवली. कुणी काही बोललं नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर सुश्रुतांची जयघोषाची ओळ तेवढी सांगू नका. त्यांचा लवकीवरचा सरावही सांगा आणि आपला बिब्बाही सांगा.