फिरणारी अक्षरे : जेम्स इव्हान्स



बालवर्गात बाराखडी गिरवताना आपण एक मोठी युक्ती नकळत शिकतो. व्यंजन तेच राहते, मात्रा बदलली की उच्चार बदलतो. कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यात राहणाऱ्या क्री लोकांची लिपी घडताना हीच युक्ती, म्हणजे आपली देवनागरी, डोळ्यांसमोर होती असे लिपींच्या काही अभ्यासकांचे मत आहे. ती लिपी ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते जेम्स इव्हान्स मूळचे शाळामास्तर. या अंकात त्यांची ओळख.

इव्हान्स यांचा जन्म १८ जानेवारी १८०१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. १८२२ साली ते कॅनडात आले आणि शिक्षक झाले. १८२८ मध्ये राइस लेक येथे ओजिब्वे जमातीच्या मुलांची शाळा त्यांच्याकडे आली. तिथे अडचण अशी की मुलांची भाषा एक आणि पुस्तकातली अक्षरे दुसऱ्या भाषेची. इंग्रजी अक्षरांनी ओजिब्वे शब्द लिहिले की ते लांबलचक होत, आणि मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंगचा गुंता सोडवावा लागे. इव्हान्स यांनी आधी मुलांची भाषा स्वतः शिकून घेतली. १८३६ च्या सुमारास त्यांनी तिच्यासाठी वेगळी अक्षरे तयार केली, पण टोरांटोच्या बायबल सोसायटीने ती नाकारली. कागद बासनात गेले. दरम्यान ते मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले होते.

ऑगस्ट १८४० मध्ये ते नॉर्वे हाउस येथे पोहोचले. विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळचे हे ठाणे हडसन्स बे कंपनीचे होते. बीव्हरसारख्या प्राण्यांची कातडी खरेदी करून ती नद्यांच्या वाटेने हडसनच्या उपसागरापर्यंत न्यायची, हा कंपनीचा धंदा. भोवती शेकडो मैल स्प्रूसची जंगले, दलदली, सरोवरे. रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात कुत्र्यांची घसरगाडी, एवढीच वाहने. इव्हान्स यांनी प्रवासासाठी पत्र्याची होडी बनवून घेतली होती. ती फुटली की डाग देऊन पुन्हा पाण्यात सोडायची!

नॉर्वे हाउसच्या परिसरातले क्री लोक शिकारी आणि होडीवाले होते. त्यांची भाषा ओजिब्वेची बहीण. तेव्हा इव्हान्स यांनी जुने कागद बाहेर काढले आणि काही महिन्यांतच नवी लिपी कामाला लावली.

या लिपीत मूळ आकार फक्त नऊ. प्रत्येक आकार चार दिशांना फिरवायचा, म्हणजे छत्तीस अक्षरे. उदाहरणार्थ, पाचरीसारखा एक आकार घ्या. टोक खाली असेल तर 'पे', वर असेल तर 'पि', उजवीकडे 'पो' आणि डावीकडे 'प'. आपल्याकडे मात्रा अक्षराला चिकटते, तिथे अक्षरच कूस बदलते. दीर्घ स्वरासाठी डोक्यावर एक टिंब. रोजच्या लिहिण्यात क्री मंडळी हे टिंब बऱ्याचदा गाळतात. वह्या तपासताना मला आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घाची आठवण होते, पण तो विषय पुन्हा कधीतरी. देवनागरीखेरीज इंग्रजी लघुलिपीचाही या आकारांवर परिणाम दिसतो.

लिपी तयार झाली, पण छापणार कशाने? छापखाना नव्हता. चहाच्या खोक्यांना आतून लावलेला शिशाचा पत्रा वितळवून इव्हान्स यांनी खिळे ओतले. काजळी आणि माशाचे तेल मिसळून शाई केली. कातड्यांचे गठ्ठे दाबण्याचे कंपनीचे यंत्र छपाईला वापरले. कागद संपला तेव्हा भूर्ज झाडाची साल कामी आली. पहिली पाने निघाली ती क्री भाषेतील भजनांची.

पुढे जे झाले त्याचे श्रेय मी इव्हान्स यांच्यापेक्षा क्री लोकांना देईन. बाप मुलाला शिकवी, शिकारी शिकाऱ्याला. कोळशाने सालीवर निरोप लिहून तो वाटेवरच्या झाडाला अडकवून ठेवीत. जिथे एकही धर्मोपदेशक पोहोचला नव्हता तिथे अक्षरे आधी पोहोचली. क्री लोकांमध्ये या लिपीविषयी वेगळी परंपराही आहे. तिच्यानुसार ही अक्षरे मिस्तानास्कोवेव नावाच्या त्यांच्याच पूर्वजाला परलोकात मिळाली आणि तो ती घेऊन परत आला. हे श्रेय पुढे गोरे लोक घेतील असेही त्याला सांगण्यात आले होते म्हणे. पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी ही गोष्ट आहे, तिला हसू नये.

इव्हान्स यांचे शेवटचे दिवस मात्र दुःखात गेले. त्यांच्या शिकवणीने रविवारी होड्या हाकण्यास क्री होडीवाले नकार देऊ लागले, आणि त्यामुळे कंपनीशी बिनसले. १८४४ साली वायव्येकडे प्रवास करताना त्यांच्या हातून बंदूक अनवधानाने सुटली आणि त्यांचा दुभाषा थॉमस हॅसल जागीच ठार झाला. या धक्क्यातून ते कधीच सावरले नाहीत. नंतर त्यांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप झाले, सहकाऱ्यापुढेच चौकशी झाली आणि त्यांना इंग्लंडला बोलावून घेण्यात आले. त्या आरोपांबाबत इतिहासकारांत आजही एकमत नाही. थोरांच्या चरित्रातली अशी पाने आपण मुलांपासून लपवतो. मला ते पटत नाही, म्हणून इथे लिहिले. २३ नोव्हेंबर १८४६ रोजी लिंकनशायरमधील कीलबी या गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस.

१८६१-६२ मध्ये लंडनला संपूर्ण क्री बायबल या लिपीत छापले गेले. त्यावर नाव विल्यम मेसन यांचे होते. भाषांतराचे बरेचसे काम ओजिब्वे असलेले हेन्री स्टाइनहावर आणि जॉन सिंक्लेअर यांनी केले होते. थोडे फेरफार करून हीच लिपी पुढे आर्क्टिकमधील इन्युइट लोकांनीही घेतली.

मग उलटे वारे वाहिले. सरकारने व चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत मुलांना घरापासून तोडून नेले जाई. क्री बोलल्याबद्दल तिथे शिक्षा होई. नॉर्वे हाउसलाही अशी शाळा होती. जिथे ही अक्षरे पहिल्यांदा छापली गेली, तिथल्याच मुलांची भाषा शाळेत बंद झाली! कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत या शाळांबद्दल माफी मागितली.

क्वेबेक प्रांतातील क्री लोकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९७५ च्या करारानंतर, १९७८ मध्ये स्वतःचे शाळा मंडळ स्थापन केले. जेम्स उपसागराकाठच्या चिसासिबीसारख्या गावांत या मंडळाच्या शाळा आहेत, आणि तिथली लहान मुले पाटीवर तीच अक्षरे गिरवतात : टोक खाली, टोक वर, टोक उजवीकडे, टोक डावीकडे.