काटन मेथर व देवीची टोचणी

यवतमाळ जिल्ह्यांतील आमच्या पुष्कळ वाचकांच्या गांवीं मातामायचें ठाणें आहे. देवी हा मातेचा कोप होय, त्यास औषध केल्यास ती अधिक कोपते, असें पूर्वी लोक मानीत. परंतु ख्रिस्ती लोकांतहि असाच वाद एकदां माजला होता. ज्या शहरांतील मंडळाचे मिशनरी १८१३ त मुंबईस उतरले, त्या बोस्टनचा पाळक काटन मेथर ह्याची ही हकीकत आहे.

त्याचा जन्म १६६३ त झाला. तो मोठा विद्वान खरा, पण निर्दोष नव्हे. १६९२ त सेलेम येथें चेटुकाच्या आरोपावरून माणसें फांशीं गेलीं, त्या न्यायसभेची त्यानें बाजू घेतली. शिवाय गुलाम बाळगिला. १७०६ त मंडळीनें दिलेल्या आफ्रिकन गुलामाचें नांव त्यानें फिलेमोनाच्या पत्रावरून अनेसिम ठेविलें. देवी येऊन गेल्या काय, असें विचारितां अनेसिमानें दंडावरील वण दाखविला. आपल्या देशांत देवीच्या फोडांतील पू निरोग्याच्या कातडींत घालतात. मग सौम्य रोग होऊन जन्माची भीति जाते, असें त्यानें सांगितलें.

१७२१ त जहाजाबरोबर बोस्टनांत देवीची सांथ आली. मेथरनें वैद्यांस पत्र लिहून ही टोचणी सुचविली. एकटा झाब्डियल बॉयल्स्टन पुढें आला, व २६ जून रोजीं त्यानें आपल्या सहा वर्षांच्या मुलास व दोन गुलामांस टोचलें. शहर खवळलें. रोग देणें देवाच्या हातीं. निरोग्यास वैद्याचें अगत्य नाहीं असें प्रभूनें म्हटलें आहे. टोचल्यानें कोणी मेला तर सहावी आज्ञा मोडते, असें लोक म्हणूं लागले. उपायहि देवच दाखवितो, असें मेथर व इतर कित्येक पाळकांचें म्हणणें होतें. गंमत ही कीं, विरोधकांचा पुढारी डॉ. विल्यम डग्लस हा वैद्यच होता. टोचलेला मनुष्य इतरांस रोग देईल ही त्याची भीति मात्र खरी होती.

मेथरच्या सॅम्युएलास देवी आल्या नव्हत्या. टोचून मुलगा दगावला तर शत्रूंस फावेल; न टोचतां गेला तर बापानें तोंड कोठें लपवावें? १७१३ त गोवरानें त्याची पत्नी व तीन लेकरें नेलीं होतीं. अखेर ऑगस्टांत त्यानें मुलास टोचविलें. ताप फार चढला, पण मुलगा वांचला. नोव्हेंबरांत एका रात्रीं कोणी मेथरच्या घरांत पेटता हातगोळा फेंकला. वात गळून पडल्यामुळें तो फुटला नाहीं.

त्या सांथींत सुमारें ५,९०० लोक आजारी पडले व ८४४ मेले, म्हणजे सातांत एक. बॉयल्स्टननें टोचलेल्या सुमारें २४० जणांपैकीं ६ मेले. मेथर १७२८ त वारला. पुढें १७९६ त जेन्नरनें गाईच्या देवीची निर्धोक लस काढली, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली.

अनेसिम त्या सांथीच्या वेळीं मेथरकडे नव्हता. दुसरा गुलाम घेण्यास पैसे देऊन त्यानें १७१६ तच आपली मोकळीक करून घेतली होती, तीहि अर्धवट.